कल्चर नुसतं जगवायचं नाही, तेच ठेवायचं : सूक्ष्मजीव संग्रहाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कल्चर म्हणजे माध्यमावर वाढवलेला एकाच प्रकारचा सूक्ष्मजीव, आणि असे सूक्ष्मजीव न बदलता जपून ठेवणारी संस्था म्हणजे संग्रह. इंदूर, देवास, महू आणि पीथमपूरच्या प्रयोगशाळांना, कॉलेजांना आणि जैविक खतं बनवणाऱ्यांना कामाच्या ओघात पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. जिथे चुका जास्त होतात तिथेच ती लांबली आहेत.

राष्ट्रीय संग्रह एकच आहे का? कल्चर कुठून मागवायचं?

एक नाही, अनेक आहेत. चंदीगडला इमटेक या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेत १९८६ पासून एमटीसीसी हा संग्रह आहे. औषध कंपन्यांचे आणि कॉलेजांचे बहुतेक नेहमीचे स्ट्रेन (एकाच जातीतले ठरावीक वाण) तिथे मिळतात. पुण्यात दोन संग्रह आहेत. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला एनसीआयएम औद्योगिक सूक्ष्मजीवांचा आहे, म्हणजे किण्वन, विकरं, यीस्ट असं काही हवं असेल तर आधी तिथे बघा. दुसरा एनसीएमआर, ज्याला जुने लोक अजून एमसीसी म्हणतात. उत्तर प्रदेशात मऊ इथला एनएआयएमसीसी शेतीच्या सूक्ष्मजीवांसाठी आहे, आणि दिल्लीच्या पुसा संस्थेतला आयटीसीसी १९३६ पासून बुरशी सांभाळतो. मागवण्याआधी प्रत्येकाची यादी बघून घ्या. एकच स्ट्रेन दोन संग्रहांत दोन वेगळ्या क्रमांकांनी असतो आणि मूळ एटीसीसी (अमेरिकेतला संग्रह) क्रमांक बाजूला दिलेला असतो. तो जुळवल्याशिवाय ऑर्डर करू नका.

आमच्या फ्रिजमध्ये स्लँट (तिरप्या माध्यमाच्या नळीत वाढवलेली कल्चरं) आहेतच की. संग्रह वेगळं काय करतो?

घरचं विरजण आठवा. रोज कालच्या दह्यातलं चमचाभर घेऊन दूध लावत गेलं की दही लागत राहतं, पण सहा महिन्यांनी त्याची चव पहिल्यासारखी असतेच असं नाही. त्या दुधात, त्या तापमानाला जो जिवाणू भराभर वाढतो तोच हळूहळू उरतो. स्लँटवरून स्लँटवर नेलेल्या कल्चरचं हेच होतं. ते मरत नाही, बदलतं. आणि बदललेलं कल्चर मेलेल्यापेक्षा जास्त त्रास देतं, कारण ते वाढतंय म्हणून कुणाला शंकाच येत नाही.

स्ट्रेप्टोमायसिस या प्रतिजैविकं बनवणाऱ्या मातीतल्या जिवाणूत हे डोळ्यांना दिसतं. मूळ वसाहत कोरडी, खडूच्या पुडीसारखी, मातीचा वास असलेली. सतत सबकल्चर केलं, म्हणजे नव्या माध्यमावर नेत राहिलं, की काही वसाहती गुळगुळीत, चकचकीत निघतात. त्यांच्यावर बीजाणूंची पूड धरत नाही, रंग जातो आणि बहुधा प्रतिजैविकही जातं. त्यांच्या गुणसूत्राची टोकं सहज तुटतात म्हणून असं होतं. संग्रहाचं काम म्हणजे पेशींना वाढूच न देणं. सुकवून किंवा गोठवून त्यांचं घड्याळ थांबवायचं, आणि प्रत्येक वेळी त्याच मूळ साठ्यातून काढायचं.

संग्रहाकडून अँप्यूल (सुकवलेल्या कल्चरची सीलबंद काचेची कुपी) आली आहे. उघडायची कशी?

घाईने उघडू नका. आली त्या दिवशी वेळ नसेल तर ४ अंशाला अंधारात ठेवा. मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत दोन दिवस काढलेली सुकवलेली अँप्यूल सहसा ठीक असते. स्लँटवर आलेलं कल्चर मात्र त्याच दिवशी नव्या माध्यमावर घ्या.

उघडण्यापूर्वी संग्रहाने सांगितलेलं माध्यम तयार ठेवा : ५ मिली द्रव माध्यमाची एक नळी आणि दोन प्लेटा. अँप्यूल ७० टक्के अल्कोहोलने पुसा. आत कापसाचा बोळा असतो, त्याच्या मधोमध येईल अशा उंचीवर काचेवर कानशीने एक आडवी रेघ मारा. आता अल्कोहोलात भिजवून पिळलेली निर्जंतुक गॉज अँप्यूलभोवती गुंडाळा आणि रेघेपाशी मोडा. हे सगळं लॅमिनारमध्ये, म्हणजे गाळलेल्या हवेच्या कपाटात. रोगकारक असेल तर जैवसुरक्षा कॅबिनेटमध्ये, कारण साधा लॅमिनार हवा तुमच्या तोंडावर टाकतो.

रेघ बोळ्याच्या खाली मारली तर काय होतं? अँप्यूलमध्ये निर्वात असतो. काच फुटताच हवा झटक्याने आत घुसते आणि पूड उडते. बोळ्याच्या उंचीवर मारली तर हवा कापसातून गाळून, सावकाश आत जाते. गॉज मात्र ओली नको, दमट हवी. ओथंबलेल्या गॉजमधून अल्कोहोल आत शोषलं गेलं की कल्चर तिथेच संपलं.

बोळा चिमट्याने काढा, ०.३ ते ०.५ मिली द्रव माध्यम घाला आणि २० ते ३० मिनिटं तसंच राहू द्या. ही अर्धा तासाची ढिलाई फार उपयोगाची आहे, कारण सुकलेल्या पेशींचं पटल पाणी घेताना गळकं असतं. मग थोडं प्लेटवर रेघा ओढून लावा, उरलेलं नळीत घाला. आतली क्रमांकाची कागदी पट्टी टाकू नका, वहीत चिकटवा.

दोन दिवस झाले, काहीच वाढलं नाही.

बहुतेकदा कल्चर मेलेलं नसतं, तुम्ही लवकर बघताय. सुकवलेल्या पेशींना जागं व्हायला नेहमीच्या दुप्पट वेळ द्या. बुरशी आणि ॲक्टिनोमायसिटीसना (स्ट्रेप्टोमायसिसच्या गटातल्या जिवाणूंना) दहा-बारा दिवसही लागतात. तापमान एकदा तपासा. जमिनीतला जिवाणू सवयीने ३७ अंशाला ठेवला जातो, त्याला २८ लागतं. तरीही नाही वाढलं तर संग्रहाला लॉट क्रमांकासकट कळवा आणि कोणतं माध्यम, कोणतं तापमान, किती दिवस हे लिहा. नुसतं 'येत नाही' लिहून काही होत नाही.

औषध कंपनीत ऑडिटर 'पाच पॅसेज' विचारतो. मोजायचे कसे?

औषधकोशांचा नियम असा की चाचणीत वापरलेलं कल्चर मूळ बीजसाठ्यापासून पाच पॅसेजपेक्षा दूर नसावं. ताज्या माध्यमावर नेऊन वाढवलं की तो एक पॅसेज. गोठवणं किंवा वितळवणं हा पॅसेज नाही, वितळवून वाढवलं तर आहे.

संग्रहाची अँप्यूल शून्य धरा. ती जागी करून प्लेट घेतली, एक. त्या प्लेटवरून गोठवायच्या साठ्यासाठी वाढवलं, दोन. साठ्यातली एक वायल (छोटी कुपी) काढून महिन्याचा कामाचा स्लँट केला, तीन. त्यावरून चाचणीच्या दिवशीचं कल्चर, चार. एक पॅसेज हाताशी उरतो. कामाच्या स्लँटवरून पुढच्या महिन्याचा स्लँट केला की हा हिशोब मोडतो. ही चूक सगळ्यांत जास्त आढळते. दर महिन्याला नवी वायल काढायची, स्लँटवरून स्लँट नाही. बाजारातल्या कल्चरच्या तयार चकत्या किंवा कांड्या वापरत असाल तर त्यावर छापलेल्या पॅसेजपासून पुढे मोजा.

नावं बदलतात, त्यानेही गोंधळ होतो. एटीसीसी १६४०४ हा स्ट्रेन वर्षानुवर्षं ॲस्परजिलस नायजर म्हणून लिहिला गेला, आता तो ॲस्परजिलस ब्राझिलिएन्सिस आहे. जुन्या कार्यपद्धतीत जुनं नाव असेल तर स्ट्रेन चुकला असं नाही. क्रमांक बघा.

गोठवायचा साठा, म्हणजे ग्लिसरॉल स्टॉक, कसा करायचा?

४० टक्के ग्लिसरॉल पाण्यात करून ऑटोक्लेव्ह करा, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करा. शुद्ध ग्लिसरॉल पिपेटला चिकटतं आणि माप चुकतं, म्हणून आधी पातळ केलेलं बरं. एकाच वसाहतीवरून द्रव माध्यमात वाढवा, वाढ जोर धरून संपायला आली असेल तेव्हा उचला. ई. कोलायला एक रात्र पुरते, सोयाबीनच्या ब्रॅडीरायझोबियमला पाच ते सात दिवस लागतात. २ मिलीच्या क्रायोवायलमध्ये ०.५ मिली कल्चर आणि ०.५ मिली ४० टक्के ग्लिसरॉल, म्हणजे शेवटी २० टक्के. वायल पाच-सहा वेळा उलटीसुलटी करा. ग्लिसरॉल जड असतं, तळाशी बसतं. नीट न मिसळता गोठवलं तर वरच्या थराला संरक्षणच मिळत नाही.

मिनिटाला साधारण १ अंश या गतीने थंड व्हायला हवं. त्यासाठी आयसोप्रोपेनॉल भरलेला प्लास्टिकचा डबा मिळतो, तो रात्रभर −८० मध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी वायल खोक्यात हलवा. पाच वापरांनंतर त्यातलं आयसोप्रोपेनॉल बदलावं लागतं, कारण ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि थंड होण्याची गती बिघडते. डबा नसेल तर जाड थर्मोकोलच्या खोक्यात वायल ठेवून खोकं −८० मध्ये टाका. अचूक नाही, पण उघड्या वायल टाकण्यापेक्षा खूप बरं.

दोन-तीन दिवसांनी एक वायल बळी द्या. ३७ अंशाच्या पाण्यात दोन मिनिटांत वितळवा, मोजणी करा आणि गोठवण्याआधीच्या आकड्याशी ताडून बघा. दहापट घट चालते. शंभरपट झाली असेल तर तो लॉट साठवू नका. एकदा वितळलेली वायल पुन्हा गोठवायची नाही, 'थोडंच वापरलं होतं' म्हणूनसुद्धा नाही.

−२० चा डीप फ्रीझर चालेल?

काही महिने, नाइलाज म्हणून. ग्लिसरॉल घातलेलं कल्चर −२० ला पूर्ण घट्ट गोठत नाही, त्यात रासायनिक क्रिया सावकाश चालूच राहतात. आणि घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीझर नको. बर्फ वितळवायला तो स्वतःच अधूनमधून गरम होतो.

इंदूरच्या उन्हाळ्यात −८० फ्रीझर सांभाळायला काय करावं?

फ्रीझर आतली उष्णता खोलीत ओततो. खोलीच ४० अंशाला गेली तर कॉम्प्रेसर न थांबता चालतो आणि मेच्या शेवटी बसतो. खोलीला स्वतंत्र एसी हवा, भिंतीपासून वीतभर तरी मोकळी जागा हवी, आणि पुढच्या जाळीचा फिल्टर महिन्यातून एकदा धुवा. धुळीच्या दिवसांत आणि मे महिन्यात पंधरा दिवसांनी. जाळी धुळीने बंद पडली की आवाज वाढतो, पण तापमान अजून −८० दाखवत असल्याने कुणी लक्ष देत नाही.

वीज गेली की रिकामा फ्रीझर लवकर तापतो. रिकाम्या कप्प्यांत पाण्याच्या बंद बाटल्या गोठवून ठेवा आणि वीज नसताना दार उघडून बघायचा मोह आवरा. स्टॅबिलायझर हवाच, आणि वीज परतताना उशिराने सुरू होणारी सोय त्यात असावी. तापमानाचा अलार्म प्रयोगशाळेतच वाजून उपयोग नाही, रात्री तिथे कोण असतं? फोनवर येणारा घ्या. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक कल्चरच्या दोन वायल वेगळ्या इमारतीत, वेगळ्या वीजजोडणीवर असू द्या.

सुकवणं चांगलं की द्रव नायट्रोजन?

पाठवायचं असेल तर सुकवणं, कारण अँप्यूल बर्फाविना पाकिटातून जाते. पण सगळं सुकत नाही. बीजाणू न धरणारी बुरशी, बरीच शैवालं आणि काही नाजूक जिवाणू सुकवताना मरतात, त्यांना द्रव नायट्रोजनच.

सुकवताना १० टक्के स्किम मिल्क नेहमीचं. ते ११५ अंशाला १० मिनिटं निर्जंतुक करा. सवयीने १२१ ला १५ मिनिटं लावलं तर दूध बदामी होतं, फाटतं, आणि तयार झालेले पदार्थ पेशींना मानवत नाहीत. निर्जंतुकीकरण सौम्य असल्यामुळे ते दूध दोन दिवस उबवून स्वच्छ आहे ना हे बघणं आलंच. पेशी दाट हव्यात, मिलीला १०⁹ च्या आसपास. अँप्यूलमध्ये फक्त ०.१ ते ०.२ मिली. जास्त भरलं की मधला भाग ओला राहतो.

निघालेली वडी कापसासारखी हलकी, मूळ उंचीची असावी. ती आकसून तळाला चिकटलेली, चकचकीत दिसली तर सुकताना ती वितळली होती, म्हणजे निर्वात पुरेसा खोल जाण्याआधी तापमान वाढलं. असा लॉट आज जिवंत असतो आणि दोन वर्षांत हळूहळू मरतो. उरलेला ओलावा १ ते ३ टक्के असावा. सील केल्यावर अंधारात उच्च-वारंवारतेच्या ठिणगी परीक्षकाने प्रत्येक अँप्यूल तपासा : आत जांभळट-निळा उजेड पडला तर निर्वात शाबूत, नाही पडला तर गळती.

द्रव नायट्रोजन −१९६ अंशाला असतो. पशुवैद्यकीय दवाखान्यात वळूचं वीर्य ज्या कॅनमध्ये ठेवतात तसलाच कॅन लागतो, म्हणून महूकडच्या लोकांना तो नवा नाही. वायल द्रवात बुडवू नका, वरच्या वाफेत ठेवा. द्रवात ठेवलेली वायल किंचित गळकी असेल तर नायट्रोजन आत शिरतो आणि बाहेर काढताच ती फुटते, शिवाय एका वायलचं दुसरीत जाण्याची भीती. आठवड्यातून दोनदा लाकडी पट्टीने पातळी मोजा. बंद खोलीत कॅन ठेवू नका. १ लिटर द्रवाचा सुमारे ७०० लिटर वायू होतो आणि तो ऑक्सिजनला बाजूला सारतो. वास नाही, रंग नाही. चक्कर आली की उशीर झालेला असतो.

सोयाबीनच्या रायझोबियमचं (मुळांवर गाठी करून रोपाला हवेतलं नत्र देणाऱ्या जिवाणूचं) कल्चर जुनं झालं की गाठी धरत नाहीत. का?

माळव्यात हा प्रश्न जूनमध्ये हमखास येतो, कारण तेव्हा पाकिटं बनतात. बहुतेकदा कल्चर बदललेलं नसून भेसळलेलं असतं. सोयाबीनचं ब्रॅडीरायझोबियम मंद असतं, काँगो रेड हा रंग घातलेल्या यीस्ट एक्स्ट्रॅक्ट मॅनिटॉल अगारवर त्याच्या वसाहती ठळक दिसायला पाच-सात दिवस लागतात. दुसऱ्याच दिवशी मोठ्या, ओघळणाऱ्या वसाहती दिसल्या तर ते तुमचं कल्चर नाही, कितीही छान दिसो. रायझोबिया काँगो रेड फारसा ओढत नाहीत, फिकट राहतात. लालभडक वसाहत संशयास्पद. ब्रोमोथायमॉल ब्लू (आम्ल-अल्कली दाखवणारा रंग) घातलं तर ब्रॅडीरायझोबियम माध्यम निळं करतं, भराभर वाढणारे पिवळं करतात.

लिटरमागे माध्यम असं : मॅनिटॉल १० ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ०.५, डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट ०.५, मॅग्नेशियम सल्फेट ०.२, मीठ ०.१, अगार १५ ग्रॅम आणि काँगो रेड २५ मिलिग्रॅम. २८ अंश. प्लेटा उलट्या आणि अंधारात, कारण उजेडात रायझोबियाही रंग जास्त ओढतात आणि परीक्षाच फसते.

पण खरी परीक्षा रोपावर. बी अल्कोहोलात दहा सेकंद, मग हायपोक्लोराइटमध्ये तीन मिनिटं, सहा वेळा निर्जंतुक पाण्याने धुवा. नत्रविरहित द्रावणावर, कल्चर लावलेली आणि न लावलेली रोपं शेजारी वाढवा. महिन्याने गाठ ब्लेडने चिरा. आतून गुलाबी म्हणजे काम करतेय, हिरवट किंवा पांढरी म्हणजे नुसती बसलीय. न लावलेल्या रोपाला एकही गाठ दिसली तर अख्खा प्रयोग बाद. प्रत्येक बीजसाठ्यावर हे एकदा करा. पाकिटात खत नियंत्रण आदेशाप्रमाणे ग्रॅमला किमान ५×१०⁷ पेशी हव्यात, द्रवरूप असेल तर मिलीला १०⁸. हा आकडा गाठूनही गाठी नाहीत असं होतं, कारण आकडा जिवंतपणा मोजतो, कुवत नाही.

पावसाळ्यात बुरशीच्या प्लेटांवर नागमोडी रेघेत भलतीच बुरशी येते.

कोळीकिडे. डोळ्यांना धुळीच्या कणाएवढे दिसतात. अंगावर बीजाणू घेऊन एका प्लेटवरून दुसरीवर फिरतात, आणि ती नागमोडी रेघ म्हणजे त्यांची वाट. पॅराफिल्मने ते थांबतात असं समजू नका. लागलेल्या प्लेटा न उघडता ऑटोक्लेव्ह करा, संशयित प्लेटा −२० ला तीन दिवस ठेवा. कुंड्या, ताजी माती आणि फुलं कल्चर खोलीत आणूच नका.

स्लँट निर्जंतुक द्रव पॅराफिनखाली ठेवले तर किडेही अडतात आणि कल्चर वर्ष-दोन वर्षं टिकतं. तेल ऑटोक्लेव्हमध्ये नाही, हॉट एअर ओव्हनमध्ये १७० अंशाला दोन तास, कारण ऑटोक्लेव्हमध्ये त्यात पाणी मिसळतं. स्लँटच्या वरच्या टोकाच्या १ सेंटिमीटर वर तेल यायला हवं. टोक बाहेर राहिलं तर ते वातीसारखं काम करतं आणि सगळं सुकवतं.

ऑटोक्लेव्ह १५ पौंडावर जातो, तरी माध्यम कधीकधी बिघडतं.

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे. काटा बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब दाखवतो, आणि बाहेरची हवाच इथे पातळ. त्यामुळे काट्यावर १५ पौंड असताना आत १२१ ऐवजी साधारण १२० अंश भरतात. फरक छोटा आहे, पण आत हवा अडकली असेल तर खूप मोठा होतो. काट्यावर नाही, तापमानावर वेळ मोजा आणि सुरुवातीला वाफेची सलग धार येईपर्यंत झडप बंद करू नका.

१६ एस (जिवाणू ओळखायला वापरतात त्या जनुकाचा अनुक्रम) केलं, ९९ टक्के जुळलं. ओळख पक्की ना?

वंश बहुधा पक्का, जात नाही. दोन जिवाणू वेगळ्या जातीचे मानायला साधारण ९८.७ टक्क्यांच्या खाली साम्य लागतं, पण त्याच्या वर असलं म्हणजे एकच जात असं उलट म्हणता येत नाही. ई. कोलाय आणि शिगेला १६ एस वर वेगळे काढता येत नाहीत. बॅसिलसमध्येही हाच घोळ. बुरशीसाठी १६ एस नाही, आयटीएस हा डीएनएचा दुसरा भाग.

आमचा स्ट्रेन संग्रहात जमा करायचा आहे. काय लागतं?

शुद्ध, ताजं कल्चर आणि पूर्ण भरलेला अर्ज. कुठल्या मातीतून, कुठल्या गावातून, कधी, कोणत्या माध्यमावर, किती अंशाला, धोका गट कोणता, अनुक्रमाचा क्रमांक काय. संग्रह आधी शुद्धता तपासतो, सुकवून जगतं का बघतो आणि मगच क्रमांक देतो. म्हणून शोधनिबंध पाठवायच्या आठवड्यात कल्चर पाठवून क्रमांक मागू नका.

पेटंटसाठीची ठेव वेगळी. बुडापेस्ट करारात भारत २००१ मध्ये आला. त्याखाली मान्यता असलेल्या संस्था तीन : चंदीगड २००२ पासून, पुण्याचा एनसीएमआर २०११ पासून आणि मऊ २०२० पासून. ठेव पेटंट अर्जाच्या तारखेपर्यंत झालेली हवी. ती किमान ३० वर्षं ठेवली जाते, आणि शेवटची मागणी आल्यापासून आणखी ५ वर्षं तरी.

नवी जात सापडली, परदेशी संग्रहातही द्यायला सांगतात.

हो, प्रमाण स्ट्रेन (नव्या जातीचा अधिकृत नमुना) दोन वेगळ्या देशांतल्या दोन संग्रहांत असावा आणि इतरांना मिळू शकावा असा नामकरणाचा नियम आहे. पण भारतातून जैविक संपदा बाहेर नेताना जैवविविधता कायदा २००२ लागतो, आणि त्याची दारं चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणातून उघडतात. आधी परवानगी, मग कुरिअर. पार्सलवर धोका गटाप्रमाणे खूण लागते. गट दोनचं बहुतेक कल्चर यूएन ३३७३ या वाहतूक क्रमांकाखाली, तीन पदरी पॅकिंगमध्ये जातं : गळणार नाही अशी नळी, तिच्याभोवती शोषणारा कापूस आणि दुसरा बंद डबा, वर टणक खोका.

वायलवर काय लिहायचं?

तुमचा क्रमांक, पॅसेज, तारीख, लॉट. नाव लिहू नका, नावं बदलतात. मार्करची शाई अल्कोहोलने पुसली जाते आणि साधं लेबल −८० ला सुटून खोक्याच्या तळाशी पडतं. मग दहा वायल आणि दहा लेबलं समोर असतात आणि कोणाचं कोणतं ते कळत नाही. क्रायो लेबल घ्या, कोरड्या वायलवर खोलीच्या तापमानाला लावा, गोठवण्याआधी. खोक्यातली जागा वहीत आणि संगणकावर दोन्हीकडे लिहा, आणि एखादी वायल उचलली की त्याच वेळी खोडा. संध्याकाळी खोडू म्हणून ठेवलेली नोंद सहसा तशीच राहते.